जर्मिनोमाची गाठ ऑपरेशन करून पूर्ण काढून घ्यावी का?

तुमच्या भाच्याच्या एमआरआयमध्ये पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीच्या) देठाशी गाठ दिसते, रिपोर्टवर जर्मिनोमाची, म्हणजे मेंदूतल्या एका जातीच्या कॅन्सरच्या गाठीची, शंका लिहिली आहे, आणि ‘एकदाच काय ते ऑपरेशन करून मुळासकट काढून टाकू’ असं घरात चाललंय, असं तुम्ही लिहिलंत. मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाला १२व्या वर्षी हीच गाठ निघाली होती, त्या अनुभवावर सांगते.

जर्मिनोमाच असेल तर मुळासकट काढायच्या मागे लागू नका. आमच्या घरीही सासरे हेच म्हणत होते. पण ही गाठ केमो आणि रेडिएशनने अक्षरशः विरघळते, आणि दहातली नऊहून जास्त मुलं बरी होतात. त्या जागेवर नजरेच्या नसा आणि पिट्युटरी एकमेकांना खेटून असतात. तिथे खरवडत बसून फायदा कमी, नुकसान जास्त. सर्जन लागतो तो तुकडा काढायला, म्हणजे बायोप्सीला. डोक्यात पाणी साठलं असेल तर दुर्बिणीतून त्याला वाट करून देताना कधीकधी त्याच वेळी तुकडाही घेता येतो.

त्याआधी रक्तातलं एएफपी आणि बीटा एचसीजी, म्हणजे गाठीची जात ओळखायला मदत करणाऱ्या दोन तपासण्या, झाल्यात का ते बघा. पाठीतल्या पाण्यातही हे दोन्ही बघतात, पण डोक्यात दाब असेल तर पाठीत सुई घालणं धोक्याचं, ते डॉक्टरच ठरवतील. एचसीजी म्हणजे गरोदरपणात बघतात तेच. मुलाच्या नावापुढे ते वाचून आमच्या लॅबमधल्या पोराने कागद दोनदा उलटून पाहिला! निव्वळ जर्मिनोमात एचसीजी थोडं वाढलेलं असू शकतं, एएफपी मात्र वाढत नाही. ते वाढलं असेल तर गाठ वेगळ्या जातीची, आणि औषधोपचारही जास्त कडक. शिवाय पूर्ण मणक्याचा एमआरआय हवाच, कारण ही गाठ मेंदूतल्या पाण्यातून खाली पसरू शकते. रेडिएशन कुठपर्यंत द्यायचं ते त्यावर ठरतं. पसरलेली नसेल तर साधारणपणे आधी केमो, मग मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना शेक, म्हणजे रेडिएशन.

आमचं निदान व्हायला दीड वर्ष गेलं. पोरगा रात्री उशाशी कळशी घेऊन झोपायचा, चार-पाच वेळा लघवीला उठायचा. गावातल्या डॉक्टरांनी साखर तपासली, नॉर्मल आली, ‘सवय आहे, पाणी कमी द्या’ म्हणाले. मी दिलंही कमी. त्याचं अजून वाईट वाटतं. पाचवीतली पँट सातवीतही बसत होती, तर मला वाटायचं, चला, एक कपडा वाचला. वाढ थांबली होती हे ध्यानातच आलं नाही.

ही तहान म्हणजे डायबेटिस इन्सिपिडस: गाठीमुळे लघवी आवरणारं हार्मोन कमी पडतं. साखरेशी तिचा काही संबंध नाही. त्यावर डेस्मोप्रेसिनची गोळी किंवा नाकातला स्प्रे असतो. गोळी चालू असताना पाणी बेताने, नाहीतर सोडियम उतरतं. आणि केमोच्या दिवसांत सलाइन चढतं तेव्हा हा हिशेब फारच नाजूक होतो. म्हणून हार्मोनचे डॉक्टर पहिल्या दिवसापासून सोबत हवेत. कॉर्टिसोल (आजारपणाचा ताण झेलायला लागणारं हार्मोन) कमी असेल तर आधी त्याच्या जागी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी, थायरॉइडची गोळी त्यानंतर. आणि हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाल्यावर लघवी एकदम वाढली तर घाबरू नका, दबलेला डायबेटिस इन्सिपिडस वर येतो. डॉक्टरांना मात्र लगेच कळवा.

परळला टाटात दाखवायचं ठरलं तर बायोप्सीचे ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि काचेच्या स्लाइड आठवणीने सोबत न्या, नुसत्या रिपोर्टवर भागत नाही. राहायची अडचण असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा.

माझा मुलगा आता कॉलेजात आहे. गोळ्या जन्मभराच्या आहेत. पाकिटात एक चिठ्ठी कायम असते: ताप किंवा उलट्या झाल्या तर हायड्रोकॉर्टिसोनचा डोस वाढवायचा, गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन. तुमच्या भाच्यालाही ही गोळी लागली तर तशी चिठ्ठी डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, आणि एक प्रत शाळेत द्या.