गुडघा दुखतो, दोष सीटचा

प्रश्न : रोज पहाटे सायकलने फर्मागुडीची चढण चढतो. मन ताजंतवानं होतं, पण महिन्याभरात गुडघे पुढून दुखू लागले. सायकल सोडावी का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : सोडू नका, आधी सीट बघा. ती खाली असली की गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर ताण येतो. भिंतीचा आधार घेऊन बसा, टाच पेडलवर ठेवा. पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. (चालवताना मात्र चवडाच.) सीट एका वेळी ५ मिलिमीटरच वर घ्या, कंबर डुलू लागली तर जास्त झाली. चढणीला हलका गिअर, मिनिटाला पेडलचे ७०-८० फेरे. जड गिअर रेटण्याची मर्दुमकी गुडघ्याला महाग पडते. सूज दिसली तर सायकल थांबवून डॉक्टर गाठा.