फुकटातली दुरुस्ती की पुण्याचे ५ लाख?

तासगावहून एका ताईंनी विचारलंय: दुर्बिणीतून पित्ताशय काढताना त्यांच्या यजमानांची मुख्य पित्तनलिका कापली गेली. सांगलीतलं तेच रुग्णालय आता दुरुस्ती फुकट करून देतो म्हणतंय. पुण्यातल्या यकृत-पित्तनलिकेच्या सर्जननी ५ लाखांचा अंदाज दिलाय. ३ लाखांच्या मेडिक्लेममधले १ लाख ८० हजार उरलेत. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली ४ लाखांची एफडी मोडू का?

ताई, पुण्यालाच जा. मी डॉक्टर नाही, पण हिशेबही तेच सांगतो. अशी इजा हजार ऑपरेशनांत साधारण ३ ते ५ जणांना होते. म्हणजे रोज पित्ताशयं काढणाऱ्या सर्जनच्या हातूनही तिची दुरुस्ती क्वचितच झालेली असते. नलिका आतड्याला जोडायची असते. पहिला जोड नीट बसला नाही तर तो आकसतो. पुन्हा कावीळ, पुन्हा थंडीताप, पुन्हा ऑपरेशन, आणि ते पहिल्याहून अवघड. फुकटातल्या जोडाचं बिल असं मागाहून येतं.

एफडी मात्र मोडू नका. आधी महात्मा फुले जन आरोग्य योजना बघा. रेशन कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण योजनेतल्याच रुग्णालयात. ही शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे भरती होण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा.

पॉलिसीचं नूतनीकरण कधी आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. संसर्ग निवळावा म्हणून सर्जन बऱ्याचदा ६ ते १२ आठवडे थांबायला सांगतात. ती तारीख या काळात येत असेल तर नव्या वर्षाचे पूर्ण ३ लाख हाताशी येऊ शकतात. कंपनीकडून तसं लेखी घ्या. पण थांबायचं ते सर्जन म्हणाले तरच. विम्यासाठी एक दिवसही नको.

कमी पडतील तेवढ्यापुरतं एफडीवर कर्ज काढा. व्याज एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्केच जास्त पडतं. घरातलं सोनं आत्ता तारण ठेवू नका. चांगला जोडसुद्धा काही वर्षांनी आकसू शकतो, तेव्हा एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय), स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी नळी) यांचा खर्च येतो. सोनं त्यासाठी राहू द्या. पॉलिसीचा हप्ता तर चुकवूच नका. क्लेम घेतला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही.

आणि त्या रुग्णालयाला 'आमची तक्रार नाही' असं काही लिहून देऊ नका. प्रत्येक इजा हलगर्जीपणाच असते असं नाही, पण ग्राहक आयोगाकडे जायला २ वर्षांची मुदत असते, तो रस्ता बंद का करायचा? ऑपरेशनची नोंद आणि सगळे रिपोर्ट लेखी अर्ज करून मागा. ७२ तासांत देणं त्यांना बंधनकारक आहे. पुण्याच्या सर्जननाही ती नोंद लागेलच. अर्ज उद्याच द्या आणि पोच घ्या.