शेंगदाणे निवडणारा माणूस

प्रश्न : ताई, नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते. वय 52. माझे मिस्टर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात फिटर होते. सहा वर्षांपूर्वी रात्रपाळीहून घरी आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि दुपारपर्यंत राहिले नाहीत. तेव्हापासून मी कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकते. घर त्यावर चालतं, शिवाय त्यांच्या पीएफची थोडी पेन्शन येते. घर मिस्टरांच्याच नावावर आहे. सासूबाई 79 वर्षांच्या, माझ्याजवळच असतात. मुलगी लातूरला दिली आहे. मुलगा 26 वर्षांचा, इथंच नोकरीला. त्याच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे.

आमच्या मागच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात, वय 57. छापखान्यात नोकरीला होते. पत्नी चार वर्षांपूर्वी कॅन्सरनं गेली. त्यांची मुलगी पुण्याला शिकते, तिला पाठवायला दर शनिवारी भाकरी न्यायला येतात. मी भाकरी मोजून बांधेपर्यंत ओट्यावर बसतात आणि समोरच्या सुपातले खवट दाणे वेचून बाजूला करतात. मी सांगितलं नव्हतं. त्यांच्या गल्लीत पाणी आमच्याआधी सुटतं, म्हणून पाण्याच्या दिवशी पहाटे त्यांचा फोन येतो. "पाणी सुटलं," एवढंच म्हणतात आणि ठेवतात.

दोन महिन्यांपूर्वी त्यांनी विचारलं, आपण लग्न करू या का. म्हणाले, या वयात माणसाला आधार लागतो. मला ते पटलं. माझी बहीणही म्हणते, तुला आधार हवाच. पण मुलीकडे विषय काढला तर ती म्हणाली, "आई, आधारच हवा असेल तर माझ्याकडे ये की." मुलगा म्हणाला, "माझं लग्न ठरायचंय आणि त्याआधी तुझं? लोकांना काय सांगू?" चार दिवस बोलला नाही. सासूबाईंना काही सांगितलेलं नाही. त्यांना माझ्याशिवाय कुणाचा आधार नाही. मला स्वतःसाठी काही नको हो ताई, म्हातारपणी आधार असावा एवढंच. माझं काही चुकतंय का? मिस्टरांचा फोटो समोर असतो, त्याच्याकडे बघवत नाही.

— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रात 'आधार' हा शब्द पाच वेळा आला आहे. 'मी सांगितलं नव्हतं' हे मात्र एकदाच, आणि मी तिथंच थांबले. मीही सोलापूरचीच. चटणीच्या उखळात एक खवट दाणा गेला तर काय होतं हे मी माझ्या आईच्या तोंडून ऐकलंय. तेल सुटेपर्यंत कुटत गेलं की तो सगळ्या घाण्यात उतरतो, मग लसूण वाढवा नाहीतर तिखट वाढवा, जिभेला लागतोच. हे काम निगुतीनं करावं लागतं. दाण्याचा रंग बघायचा, शंका आली तर सोलून वास घ्यायचा. तुमच्या ओट्यावर बसून एक माणूस न सांगता दर शनिवारी हे करतो. त्याला तुमच्या चटणीची काळजी आहे, आणि चटणीवर तुमचं घर चालतं हे त्याला ठाऊक आहे. पत्रात हे सगळं इतकं बारीक लिहिलंत आणि शेवटी म्हणता, मला स्वतःसाठी काही नको.

बाई, तुम्हाला ते आवडतात. आधी हे स्वतःशी म्हणा.

तुमच्या मुलीला सगळे चूक म्हणतील, मी म्हणणार नाही. तुम्ही तिच्याकडे आधाराची गोष्ट काढलीत, तिनं आधार देऊ केला. लेक म्हणून तिनं अगदी बरोबर उत्तर दिलं. तिला प्रश्नच वेगळा विचारला गेला होता. "मला एक माणूस आवडतो, त्यांच्याशी लग्न करावं असं मनात आहे," असं तुम्ही म्हणाला असतात तर "माझ्याकडे ये" हे उत्तर तिला देता आलं नसतं. ती कदाचित चिडली असती, रडली असती. पण बोलणं खऱ्या विषयावर झालं असतं.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण हीच चूक मी केली आणि ती मला महाग पडली. माझे पहिले यजमान 2001 मध्ये किडनीच्या आजारानं गेले. मी शाळेत शिकवत होते, 41 वर्षांची होते. नंतर बऱ्याच वर्षांनी हिराचंद नेमचंद वाचनालयात एका गृहस्थांशी ओळख झाली. तेही एकटे होते. आम्ही एकमेकांना पुस्तकं सुचवायचो. त्यांनी वाचून परत केलेलं पुस्तक मी घेतलं की आत कागदाचा कपटा असायचा, त्यावर फक्त पानाचा आकडा. ते पान उघडलं की त्यांना काय आवडलं असेल ते मी शोधत बसायची. कधी सापडायचं, कधी नाही. त्या कपट्यांसाठी मी आठवड्याला दोनदा वाचनालयात जायला लागले, हे मी कुणाला सांगितलं नाही. 2009 मध्ये लग्न ठरलं तेव्हा मुलीला, दिरांना, शाळेतल्या बायकांना, सगळ्यांना मी एकच सांगितलं, "आता या वयात आधार नको का?" माना डोलल्या. कुणी नाक मुरडलं नाही. मला वाटलं, सुटले.

लग्नाला आठ महिने झाले असतील. एका रात्री जेवताना ते शांतपणे म्हणाले, "तुम्हाला आधार हवा होता, मी सापडलो. दुसरा कुणी असता तरी चाललं असतं." भांडणाचा सूर नव्हता, त्यांनी ते मान्य करून टाकलं होतं. लोकांसाठी बोललेलं वाक्य मी इतक्यांदा म्हटलं होतं की ज्याला खरं माहीत असायला हवं त्यालाही तेच खरं वाटायला लागलं. त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. लाज वाटली. पन्नाशीच्या बाईनं नवऱ्याला "मला तुम्ही आवडता" म्हणायचं, हे आमच्या घरात कुणी ऐकलेलंच नव्हतं.

ते मी संक्रांतीच्या सुमारास सांगितलं, गड्ड्यात. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. गड्डा म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वर ऊर्फ सिद्धरामेश्वरांची संक्रांतीची यात्रा. तीत संमती कट्ट्यावर लग्न लागतं. एका कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायला संमती दिली, अशी कथा आहे. नंदीध्वजांच्या उंच काठ्या येतात, संमती वाचली जाते आणि पांढऱ्या बाराबंदीतल्या गर्दीवर अक्षता पडतात. विधवा असताना मी तिथं मागं उभी राहायची. दोनदा तर मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या होऊन तशाच घरी आणल्या होत्या. कुणी अडवलं नव्हतं, माझाच हात वर गेला नव्हता. त्या वर्षी टाकल्या. मग होम मैदानावर पाळण्यांच्या आणि भोंग्यांच्या गोंगाटात मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "दुसरा कुणी चालला नसता!" त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. मला दोनदा ओरडावं लागलं.

तुमच्यावर आठ महिने आणि एक गड्डा एवढी वाट बघायची वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिलं.

आता फोटो. तो काढायचा नाही, उलटाही करायचा नाही. तुम्ही मिस्टरांबरोबर संसार केलात, तो पुसून नवा मांडायचा नाहीये. आमच्या घरात दोन फोटो आहेत, त्यांच्या पहिल्या पत्नीचा आणि माझ्या यजमानांचा, शेजारी शेजारी. दसऱ्याला दोन्ही फोटोंना हार तेच घालतात. तुमच्या गृहस्थांचीही यावरून पारख होईल. ते आपल्या गेलेल्या पत्नीबद्दल कसं बोलतात ते ऐका. मायेनं बोलत असतील, तिच्या आजारपणात काय काय झालं ते सांगत असतील, तर माणूस चांगला. 'ती असं करायची, तसं करायची' म्हणून तुमची तिच्याशी तुलना करत असतील तर थांबा. त्यांच्या घरात स्वयंपाक कोण करतं तेही बघा. धुणंभांडी आणि गोळ्यांच्या वेळा सांभाळायला बाई हवी म्हणून लग्न करणारे पुरुष मी पाहिलेत. सुपातले दाणे निवडणारा त्यातला नसावा असं मला वाटतं, तरी खात्री तुम्ही करून घ्या.

आणि मनातून जे खातंय, त्याबद्दल थोडंसं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. त्यासाठी आग्रह धरणारे कार्यकर्ते आपल्या करमाळा तालुक्यातले होते. ठराव होतात, पण संक्रांतीच्या वाणाच्या वेळी आपण स्वतःच आतल्या खोलीत जाऊन बसतो. तुमचं काही चुकत नाहीये.

सगळ्यांत आधी सांगायचं ते सासूबाईंना. मुलाच्या आधी. तुम्हाला वाटतं त्या कोसळतील. दर शनिवारी ओट्यावर कोण येतं, कोण बसतं, पहाटे फोन कुणाचा वाजतो, हे 79 वर्षांच्या बाईला कळत नसेल असं मला वाटत नाही. म्हाताऱ्या माणसांना झोप कमी असते. त्यांना एकाच गोष्टीची धास्ती असेल, आपलं काय होणार. त्याचं उत्तर तयार ठेवून जा. लग्नानंतर कुठं राहायचं, त्या कुणाजवळ असतील, हे त्या गृहस्थांशी आधी बोलून घ्या. घरं एका गल्लीच्या अंतरावर आहेत, हे फार सोयीचं आहे. मग दुपारी, त्यांना पेला भरून चहा द्या आणि जवळ बसून सांगा. "आई, मी तुम्हाला सोडून कुठं जात नाही," इथून सुरुवात करा.

घराचं आणि पैशाचं नीट समजून घ्या, कारण मुलांचा राग पुष्कळदा इथं अडकलेला असतो आणि बोलायला संकोच वाटतो. मिस्टरांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं घराचे चार सारखे वाटे होतात : तुम्ही, मुलगा, मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचाही वाटा असतो, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. पुनर्विवाह केला म्हणून तुमचा वाटा जात नाही. 1856 चा जुना पुनर्विवाह कायदा लग्नाला परवानगी द्यायचा आणि नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घ्यायचा. ते दिवस गेले. मात्र तुमच्यामागं मृत्युपत्र नसेल तर तुमच्या वाट्यात मुलगा, मुलगी आणि नवे यजमान असे तिघे येतील. तेव्हा लग्नाआधीच मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवा. त्या गृहस्थांनीही त्यांच्या मुलीसाठी करावं. दोन्हीकडच्या मुलांना कागद दाखवा.

पेन्शनचं मात्र सोसावं लागेल. पीएफच्या योजनेतली विधवा पेन्शन पुनर्विवाहाच्या तारखेपासून बंद होते. पुनर्विवाह केला नसल्याचं लिहून द्यावं लागतं, तेव्हा लपवायचा विचार मनात आणू नका. रक्कम लहान असली तरी तुमच्या हिशेबात ती कुठं जाते ते आधी बघा. गॅस त्यातून येत असेल तर गॅसचं काय, एवढं ठरवून घ्या. चटणीचा धंदा आणि त्याचं बँकेचं खातं तुमच्या एकटीच्या नावावरच राहू द्या.

नोंदणी लग्न करणार असाल तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात फलकावर लागते. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. नोटीस कुणीतरी वाचतंच आणि सोलापूर तसं लहानच गाव आहे. मुलाला ते बाहेरून कळता कामा नये.

मुलगा राहिला. "लोकांना काय सांगू," असं तो विचारतो, म्हणजे त्याला खरंच सांगायला काही हवंय. त्याला वाक्य द्या. त्याच्यासाठी बघायला येणाऱ्यांना त्यानं सरळ सांगावं, आमच्या आईचं लग्न होतंय, अमुक तारखेला, तुम्हीही या. हे ऐकून जे स्थळ मागं फिरेल ते लोक उद्या तुमच्याकडून काही कमीजास्त झालं असतं तर कसे वागले असते, हे तुम्हाला आधीच कळेल. तो चार दिवस बोलला नाही असं लिहिलंत. पाचव्या दिवशी बोलला ना? काय बोलला ते तुम्ही लिहिलं नाही. मला ते वाचायला आवडलं असतं.

आणि ते गृहस्थही 'आधार' म्हणाले. छापखान्यात आयुष्य काढलेल्या माणसालाही वेळेवर तेवढाच शब्द सापडला. येत्या शनिवारी भाकरी बांधून झाल्या की त्यांच्या शेजारी ओट्यावर बसा आणि विचारा, तुम्हाला दाणे निवडायला कुणी सांगितलं होतं? काय उत्तर देतात ते मला कळवा.