वाचकांचे प्रश्न : जुने एमपीथ्री प्लेअर

पुण्याचे एक वाचक विचारतात : खिशात मावणारा पहिला एमपीथ्री प्लेअर आयपॉडच ना? मुलाशी पैज लागली आहे.

पैज मुलाने जिंकली. आयपॉड ऑक्टोबर २००१ चा. दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा ‘एमपीमॅन एफ१०’ १९९८ मध्येच विक्रीला आला होता. त्यात ३२ एमबी फ्लॅश मेमरी होती. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) गाण्याला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी बसत. त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड मल्टिमीडियाचा ‘रिओ पीएमपी३००’ आला आणि तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना त्याच्यावर बंदी मागायला कोर्टात गेली. रिओ कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरून फाइल घेतो, त्यामुळे १९९२ च्या ध्वनिमुद्रण कायद्यातल्या ‘डिजिटल ध्वनिमुद्रण यंत्रा’च्या व्याख्येत तो बसत नाही, असा निकाल अपील कोर्टाने जून १९९९ मध्ये दिला. पहिलेपणाचा मान एमपीमॅनचा, पण आमच्या मते पुढच्या सगळ्या प्लेअरना वाट मोकळी झाली ती या निकालाने.

हार्ड डिस्कचा प्लेअरही आयपॉडच्या आधी, १९९९ मध्ये आला होता : ‘पर्सनल ज्यूकबॉक्स’, जवळपास ५ जीबीचा. त्यात लॅपटॉपची अडीच इंची डिस्क असल्याने तो जाडजूड होता. आयपॉडने तोशिबाची १.८ इंची डिस्क वापरली आणि जोडणीला फायरवायर ही वेगवान केबल दिली. तेव्हाच्या यूएसबीवरून ५ जीबी भरायला तासाच्या वर वेळ गेला असता.

मिरजेहून प्रश्न आहे : रिओ पीएमपी३०० मिळाला आहे. सेलच्या कप्प्यात पांढरा थर साचला आहे. यूएसबी ते पॅरलल (प्रिंटरचा जुना पोर्ट) केबल लावली, तरी गाणी भरता येत नाहीत.

ती केबल फक्त प्रिंटरसाठी असते. रिओचं सॉफ्टवेअर थेट पॅरलल पोर्टच्या पत्त्यावर लिहितं आणि केबलमध्ये तो पत्ताच नसतो. मदरबोर्डवर खराखुरा पॅरलल पोर्ट असलेला, विंडोज ९८ चा जुना पीसी शोधा आणि प्रिंटर काढून ठेवा. जादा मेमरीसाठी स्मार्टमीडिया कार्ड घ्याल तर ३.३ व्होल्टचंच घ्या. ५ व्होल्टचं चालणार नाही.

पांढरा थर हा गळलेल्या अल्कलाइन सेलचा आहे. अनेक जण त्यावर खायचा सोडा लावतात; तो इथे कुचकामी, कारण ही गळती आम्ल नसून अल्क असते. कापसाच्या काडीला थोडंसं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून थर विरघळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच नवा सेल घाला. व्हिनेगर आत सर्किटपर्यंत ओघळू देऊ नका.

ठाण्याचे वाचक : आयपॉड मिनी (४ जीबी) सुरू होताना टक्‌टक् आवाज येतो आणि पडद्यावर रडका चेहरा दिसतो. आता फेकूनच द्यावा का?

मुळीच नको. त्या काळातला घरी दुरुस्त करायला हा सगळ्यात चांगला प्लेअर आहे. आवाज एक इंची मायक्रोड्राइव्हचा आहे. ही फिरती डिस्क कॉम्पॅक्टफ्लॅश (सीएफ) मेमरी कार्डाच्याच कनेक्टरवर बसते, त्यामुळे तिच्या जागी साधं सीएफ कार्ड चालतं.

वरचं आणि खालचं पांढरं प्लास्टिक डिंकाने चिकटवलेलं असतं. हेअर ड्रायरने गरम करून पातळ प्लास्टिकच्या पट्टीने उचला. वरचे दोन स्क्रू काढा, खालची धातूची क्लिप सोडवा. त्यानंतर खालच्या बाजूने दिसणारी क्लिक व्हीलची (पुढच्या गोल चाकाची) बारीक पट्टी-केबल आधी सोडवा आणि मगच बोर्ड खालून ढकलून वरून बाहेर काढा. बहुतेक मिनी इथेच मरतात : केबल न सोडवता बोर्ड ओढला की ती फाटते आणि चाक कायमचं बंद पडतं. बॅटरीचा कनेक्टर सोडवा, डिस्क काढा, कार्ड बसवा. डिस्क ५ मिलिमीटर जाड, कार्ड ३.३, राहिलेल्या फटीत स्पंजचा तुकडा घाला, नाहीतर कार्ड हलून सुटतं. बॅटरी फुगलेली असेल तर तीही बदला. तिला टोकदार हत्यार लावू नका.

जोडल्यावर होल्डचं बटण एकदा चालू-बंद करा, मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा; लोगो येताच मधलं आणि प्ले दाबून धरा. डिस्क मोड येईल, म्हणजे कॉम्प्युटरला तो साध्या डिस्कसारखा दिसेल. मग कॉम्प्युटरला जोडून आयट्यून्समधून रिस्टोअर करा, म्हणजे प्लेअरचं सॉफ्टवेअर नव्याने भरा. रिस्टोअर अर्ध्यावर अडकलं तर दुसरं कार्ड लावून बघा; बनावट क्षमतेची कार्डं बाजारात बरीच आहेत.

नाशिकहून : जुन्या प्लेअरवर मराठी गाण्यांच्या नावांऐवजी प्रश्नचिन्हं दिसतात.

जुने प्लेअर बहुधा आयडीथ्री टॅगची (फाइलमध्येच साठवलेली गाण्याचं नाव, गायक अशी माहिती) पहिली आवृत्ती वाचतात. तिच्यात शीर्षकाला फक्त ३० बाइट असतात आणि युनिकोडची, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची, सोयच नाही. टॅग एडिटरमध्ये पहिल्या आवृत्तीच्या टॅगमध्ये नाव रोमन लिपीत लिहा आणि देवनागरी नाव दुसऱ्या आवृत्तीत राहू द्या. फोनवर ते नीट दिसेल.