पहिलं मॉड्युलर वाद्य: रिकामी केस नको, सेमी-मॉड्युलर घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हार्मोनियमवर हात बसलेला आहे, घरी लॅपटॉप आणि छोटा मिडी कीबोर्ड आहे, लालबागच्या वन रूम किचनमध्ये टेबलाचा एक कोपरा मिळेल आणि बजेट साठ-सत्तर हजार. तेवढ्यात युरोरॅकची केस (सिंथेसायझरचे सुटे भाग, म्हणजे मॉड्यूल, बसवायची प्रमाणित मापाची पेटी) घेऊन चार-पाच मॉड्यूल बसवावीत, की मदर-३२, न्यूट्रॉन, क्रेव्ह, ०-कोस्ट, व्होल्का मॉड्युलर, एमएस-२० मिनी यांपैकी एखादा तयार सेमी-मॉड्युलर सिंथेसायझर घ्यावा?

तयार घ्या, आणि या यादीतून तुमच्यासाठी बेहरिंगरचा न्यूट्रॉन.

केसला आत्ता विरोध का, ते आधी. वाजवण्याजोगा साधा आवाज मिळवायला ऑसिलेटर (मूळ स्वर काढणारा), फिल्टर (त्याचा रंग बदलणारा), व्हीसीए (आवाज किती मोठा ते व्होल्टेजने ठरवणारा), एन्व्हलप (नोट कशी उठते-विरते ते ठरवणारा) आणि एलएफओ (बाकीच्यांना संथपणे हलवणारा) लागतात. तुमचा कीबोर्ड जोडायला मिडी-टू-सीव्ही (मिडी संदेशांचं व्होल्टेज करणारं) लागतं. युरोरॅकच्या आतला ऑडिओ साधारण १० व्होल्ट पीक-टू-पीक असतो आणि घरगुती लाइन लेव्हल १ व्होल्टच्या आसपास, म्हणून हेडफोन किंवा स्पीकरसाठी आउटपुट मॉड्यूल लागतं. ही सात झाली, त्यावर केस, पॉवर सप्लाय आणि केबली. तुमचं बजेट इथेच संपतं, आणि त्यातला मोठा हिस्सा स्वतः आवाज न करणाऱ्या वस्तूंवर जातो. मग लोक काटछाट करतात ती नेमकी व्हीसीए आणि अटेन्युएटरवर (सिग्नलचा जोर कमी करणारा), कारण ती दिसायला कंटाळवाणी असतात. नतीजा असा की दिव्यांनी लखलखणारं महागडं मॉड्यूल हातात असतं आणि त्याचा आवाज बंद करायची सोय नसते.

दुसरी अडचण पैशाची नाही. सुटी मॉड्यूल जोडून आवाज आला नाही, तर चूक केबलमध्ये आहे, गेट (की दाबल्याचा संकेत) पोचत नाहीये, व्हीसीए बंद आहे की पॉवरची रिबन (वीज देणारी चपटी वायर) उलटी बसली आहे, हे नवख्याला कळायला मार्ग नसतो. सेमी-मॉड्युलरमध्ये हे सगळं आतून जोडलेलं असतं, म्हणजेच नॉर्मल केलेलं. सॉकेटमध्ये एक पत्ती असते. प्लग घातला की ती उचलली जाते, आतली जोडणी तुटते आणि तुमची केबल तिची जागा घेते. केबल काढली की वाद्य पूर्ववत. प्रत्येक केबलने नक्की काय बदललं ते ऐकू येतं, आणि गोंधळ झाला तर सगळं उपटून पुन्हा सुरुवात करता येते.

आता यादीतली दोन नावं का गाळायची. युरोरॅकमध्ये स्वराचा हिशेब १ व्होल्टला १ सप्तक असा आहे, म्हणजे एका सेमीटोनला ८३.३ मिलिव्होल्ट. कॉर्गचा एमएस-२० मिनी हर्ट्झ-प्रति-व्होल्टवर चालतो: तिथे सप्तक वर जायला व्होल्टेज दुप्पट करावं लागतं, १, २, ४, ८ असं. शिवाय त्याचा ट्रिगर (नोट सुरू करणारा संकेत) उलट्या जातीचा, एस-ट्रिग. दोन्हींचे जॅक ३.५ मिमीचेच, त्यामुळे केबल बसते, पण स्वर भलतेच लागतात आणि नोट भलत्या वेळी सुटते. कॉर्गचाच एसक्यू-१ सीक्वेन्सर (स्वरांची मालिका आपोआप वाजवणारं यंत्र) दोन्ही भाषा बोलतो, पण पहिल्याच वाद्यासाठी दुभाषा कशाला? वाद्य म्हणून एमएस-२०चा फिल्टर झकास आहे, त्याबद्दल वाद नाही. व्होल्का मॉड्युलर स्वस्त, बॅटरीवर चालणारा, आणि बुकला पद्धतीची (डॉन बुकला यांच्या प्रयोगशील सिंथ घडणीची) ओळख म्हणून मजेशीर. पण त्याच्या आतले व्होल्टेज ३.३ व्होल्टपर्यंतचे आणि केबली बारीक पिनच्या. पुढे केस घेतलीत तर तो बाजूलाच राहील.

उरले चार. मदर-३२ आणि क्रेव्ह एकाच घाटाचे: एक ऑसिलेटर, लॅडर फिल्टर (मूग सिंथच्या धर्तीचा), ३२ पायऱ्यांचा सीक्वेन्सर. बेसलाइन, टेक्नो, आपोआप फिरणारी आवर्तनं हे तुमचं ध्येय असेल तर क्रेव्ह घ्या, पैसेही वाचतील. मेक नॉइजचा ०-कोस्ट वेगळ्या विचारसरणीचा आहे. त्यात नेहमीच्या अर्थाने फिल्टरच नाही. साध्या त्रिकोणी तरंगाला घड्या घालून आणि ओव्हरटोन वाढवून आवाज घडवतात. सुंदर वाद्य, पण यूट्यूबवरचे निम्मे धडे त्याला लागू होत नाहीत.

न्यूट्रॉनमध्ये ३३४० चिपवरचे दोन ऑसिलेटर आहेत, लो-पास, बँड-पास आणि हाय-पास (खालचे, मधले किंवा वरचे सूर जाऊ देणं) करणारा १२ डीबीचा फिल्टर, दोन पूर्ण एडीएसआर एन्व्हलप, एलएफओ, सॅम्पल-अँड-होल्ड आणि स्ल्यू (ही दोन पुढे समजावतो), दोन अटेन्युएटर, मल्ट (एक सिग्नल अनेक ठिकाणी वाटणारा), ओव्हरड्राइव्ह, डिले आणि ५६ पॅच पॉइंट (केबल लावायची सॉकेट). केसमध्ये जे कंटाळवाणे तुकडे तुम्ही टाळले असते ते इथे फुकटात मिळतात. उणिवा सांगतो: सीक्वेन्सर नाही, डिले (प्रतिध्वनी देणारा) बकेट-ब्रिगेड या अॅनालॉग जातीचा असल्यामुळे लांब वेळेवर सूं सूं करतो, आणि पॅनेलवर गर्दी आहे. पण हार्मोनियमच्या हाताला दोन ऑसिलेटर हवेतच. एका ऑसिलेटरवर षड्ज-पंचम एकदम लागत नाहीत.

कीबोर्डबद्दल एक सापळा आहे आणि त्यात भरपूर लोक अडकतात. न्यूट्रॉनला यूएसबी आहे म्हणून यूएसबी कीबोर्ड थेट त्यात खुपसून चालत नाही. दोघेही डिव्हाइस आहेत, जोडणी चालवणारा होस्ट कोणीच नाही. मध्ये लॅपटॉप हवा किंवा यूएसबी मिडी होस्टची डबी. कीबोर्डला पाच पिनचं गोल मिडी आउट असेल तर एक केबल टाकली की काम झालं. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे पाच पिनच्या मिडीत ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पोचवणारा, म्हणजे थेट विद्युत जोडणी नसलेला भाग) असतो, त्यामुळे लॅपटॉप, स्पीकर आणि सिंथ यांचा ग्राउंड लूप (ग्राउंडच्या तारांचं बंद वेटोळं) होत नाही. यूएसबी लावल्यावर स्पीकरमधून किर्र आवाज येतो आणि माउस हलवला की तो बदलतो, तो हाच लूप. सगळे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहा. अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

पैसे खर्च करण्याआधी मात्र व्हीसीव्ही रॅक (लॅपटॉपवर चालणारा आभासी मॉड्युलर) उतरवून घ्या. स्वतंत्र चालणारी आवृत्ती मोफत आहे. फक्त प्रो आवृत्ती विकत घ्यावी लागते, ती डॉमध्ये (डीएडब्ल्यू, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्लगइन म्हणून चालते. कोरा पॅच (केबलींची जुळणी) उघडून, कोणताही व्हिडिओ न बघता, ऑसिलेटरपासून ऑडिओपर्यंत जोडणी करता आली आणि एन्व्हलप कुठे लावायचा हे सुचलं, की खरेदीला निघा. ते करताना कंटाळा आला तर साठ हजार वाचले.

वाद्य आल्यावर पहिला पॅच तानपुऱ्याचा करा. वीस मिनिटं नुसतं चालू ठेवा, गरम होऊ द्या. ऑस्क मिक्स (दोन ऑसिलेटरांचं प्रमाण) मध्यावर, फिल्टर लो-पास, कटऑफ मध्याच्या जरा खाली, रेझोनन्स कमी. व्हीसीए बायस उघडा म्हणजे की न दाबता आवाज सलग राहील. कीबोर्डवर काळी १ दाबून सोडा. आधी दोन्ही ऑसिलेटर एकाच स्वरावर आणा, डोल (स्वर जवळजवळ जुळले की आवाजात येणारी लाट) थांबेपर्यंत. मग दुसरा ट्यून नॉबने पंचमावर न्या. इथे कान वापरा, ट्यूनर नको. काळी १चा मंद्रातला सा १३८.६ हर्ट्झ धरला तर ट्यूनरने दाखवलेला पंचम २०७.६५ वर असतो आणि ३:२ चा शुद्ध पंचम २०७.८९ वर. फरक जेमतेम २ सेंटचा, व्होल्टेजमध्ये सांगायचं तर दीड मिलिव्होल्टच्या थोडा वर, पण डोल दोन सेकंदाला एक एवढा स्पष्ट ऐकू येतो. नॉब अगदी किंचित हलवून तो विरघळवा. ऑसिलेटरचे नॉब हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखे बांधलेले नसतात, हे तुमच्यासाठी वरदान आहे. मींडेसाठी पोर्टामेंटो आहे. हार्मोनियमवर जे कधीच जमलं नाही ते इथे एका नॉबवर मिळतं. (हा नाद आपल्याकडे नवा नाही. अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये मूगचा मॉड्युलर बसवून दिला होता आणि गीता साराभाईंसारख्या मंडळींनी त्यावर काम केलं होतं.)

त्यानंतर तीन केबली. सॅम्पल-अँड-होल्डचं आउट स्ल्यूच्या इनमध्ये, स्ल्यूचं आउट अटेन्युएटर १ मध्ये, तिथून दुसऱ्या ऑसिलेटरच्या पल्स विड्थमध्ये (चौकोनी तरंगाची रुंदी बदलणारं इनपुट), आणि त्या ऑसिलेटरचा तरंग पल्सवर. सॅम्पल-अँड-होल्ड उड्या मारतो, स्ल्यू त्या उड्या गोल करतो, अटेन्युएटर त्यांचा जोर ठरवतो. अटेन्युएटर पूर्ण बंद ठेवून सुरू करा आणि हळूहळू उघडा. नवशिक्यांचे बहुतेक पॅच कर्कश होतात ते या मधल्या केबलीचा कंटाळा केल्यामुळे.

मुंबईच्या हवेबद्दल थोडं सविस्तर, कारण परदेशी सल्ल्यात हे सापडत नाही. जून ते सप्टेंबर दमटपणा आणि वर्षभर खारी हवा. सॉकेटमधली पत्ती काळी पडते आणि सेमी-मॉड्युलरचा आतला रस्ता त्याच पत्तीवरून जातो. म्हणून लक्षण गमतीदार दिसतं: केबल लावली की आवाज येतो, काढली की वाद्य मुकं. घाबरून दुरुस्तीला नेऊ नका. प्रत्येक सॉकेटमध्ये प्लग आठ-दहा वेळा घालून काढा, पत्ती घासून साफ होते. नाही झाली तर प्लगच्या टोकाला कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब लावून तेच करा. वरून फवारा मारू नका, तो नॉबच्या आत उतरतो. वापर नसताना कापडाने झाका, आणि पावसाळ्यात सिलिका जेल टाकलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. एसी लावला-बंद केला की स्वर थोडा सरकेल. ३३४० मध्ये तापमानाची भरपाई चिपमध्येच आहे, तरी खोली स्थिर झाल्यावर एकदा जुळवून घ्या. आतल्या ट्रिमरला (जुळणीच्या बारीक स्क्रूला) स्क्रू ड्रायव्हर लावायची घाई करू नका.

केबली मोनो ३.५ मिमी. ३० सेंटिमीटरच्या सहा आणि ६० च्या चार पुरतात. लॅमिंग्टन रोडवर मोनो प्लग आणि सिंगल कोअर शिल्डेड वायर घेऊन स्वतः सोल्डर केल्या तर बऱ्याच स्वस्त पडतात. अडीअडचणीला स्टेशनबाहेरची ऑक्स केबलही चालते, कारण मोनो सॉकेटमध्ये तिची रिंग (प्लगवरची मधली कडी) ग्राउंडला टेकते आणि टिप ते टिप जोडणी होते. अडॅप्टर मात्र तिथला जुगाडू घेऊ नका. न्यूट्रॉन आणि मदर-३२ला १२ व्होल्ट डीसी लागतो, ०-कोस्टला १५. बॅरल प्लग बसला म्हणजे व्होल्टेज जुळलं असं नाही.

सेकंडहँड मिळत असेल तर अवश्य बघा, ही वाद्यं टिकतात. जाताना हेडफोन, ६.३ मिमीचा कन्व्हर्टर, मिडी केबल आणि दोन पॅच केबली न्या. आधी एकही केबल न लावता वाजवा. मग एलएफओचं आउट एकेक इनपुटला लावून प्रत्येक सॉकेट जिवंत आहे का ते ऐका. पंधरा-वीस मिनिटांनी खालचा सा जुळवा आणि दोन सप्तकं वरचा वाजवून पाहा. तो बेसूर असेल तर किंमत पाडा. परदेशातून मागवणार असाल तर वेबसाइटवरच्या आकड्यात कुरिअर, कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी मिळवा. बजेट आखताना दीडपट धरलं की नंतर तोंडचं पाणी पळत नाही.

केस पुढे घ्यावीशी वाटली तर न्यूट्रॉन त्याच्या खोक्यातून काढून तिच्यात बसतो, ८० एचपी (रुंदीचं माप) घेतो, आणि १ एचपी म्हणजे ५.०८ मिमी. ८४ एचपीची एक ओळ त्यानेच भरते, म्हणून त्याला बाहेरच ठेवा आणि केसमध्ये फक्त त्याच्याकडे नसलेलं घाला; पहिला नंबर सीक्वेन्सरचा. पॉवरचा हिशेब +१२ आणि −१२ व्होल्टच्या दोन्ही रेलचा (पुरवठ्याच्या वाहिन्यांचा) वेगवेगळा करा, मिलिअँपिअरची बेरीज सप्लायच्या तीन चतुर्थांशाच्या आत ठेवा. रिबनची लाल पट्टी −१२ कडे. दहा पिनची रिबन उलटी किंवा एक पिन सरकवून लावली तर संरक्षण डायोड नसलेल्या मॉड्यूलच्या चिपा क्षणात जातात, म्हणून चालू करण्याआधी प्रत्येक कनेक्टर टॉर्चने बघा. एकच पिच व्होल्टेज दोन ऑसिलेटरना द्यायचं असेल तर मल्ट बफर्डच (सिग्नल न गळता वाटणारा) हवा. साध्या मल्टने, आउटपुटला १ किलोओहमचा रोध असेल तर, दुसरी केबल लावताच ३ व्होल्टवर साधारण ३० मिलिव्होल्ट गळतात, म्हणजे सेमीटोनचा तिसरा हिस्सा.

तुमच्या कीबोर्डच्या मागे पाच पिनचं गोल मिडी आहे की फक्त यूएसबी, तेवढं कळवा. फक्त यूएसबी असेल तर आर्टुरियाच्या कीस्टेपचाही विचार करा: त्यात सीक्वेन्सर आहे आणि पिच-गेटचे जॅकही, म्हणजे लॅपटॉप पूर्ण बंद ठेवता येईल.