बोअरच्या पाण्यावर ‘नॅनो सिल्व्हर’ वॉशिंग मशीन घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात घरी बोअरचं पाणी आहे, टॉवेलला दोन दिवसांत कुबट वास येतो, पांढरे शर्ट पिवळट पडतात, आणि दुकानदार म्हणतो ‘नॅनो सिल्व्हर’वालं मशीन घ्या. त्याचा वासासाठी थोडाफार उपयोग होईल, पिवळेपणासाठी काहीच नाही. मळ काढणं हे चांदीचं काम नव्हेच.

या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकात पाण्याच्या वाटेवर चांदीच्या दोन पट्ट्या असतात. त्यांतून बारीक करंट सोडला की चांदीचे आयन (विद्युतभार असलेले अणू) पाण्यात उतरतात आणि जंतू मारतात. पट्ट्या हळूहळू झिजतात, म्हणजे कधीतरी बदलाव्या लागणार. (आयन म्हणजे नॅनोकण नव्हेत, पण नाव चिकटलं ते चिकटलं.) दुसऱ्यात टबाच्या किंवा पल्सेटरच्या (तळाशी फिरणाऱ्या तबकडीच्या) प्लॅस्टिकमध्ये चांदी मिसळलेली असते. तिने त्या प्लॅस्टिकवर बुरशी कमी धरते. कपड्यांपर्यंत फारसं काही पोचत नाही. ‘अब्जावधी आयन’ या आकड्याला भुलू नका. एक ग्रॅम चांदीत साधारण ५,६०० अब्ज गुणिले अब्ज अणू असतात, तेव्हा शंभर अब्ज आयन म्हणजे वजनात जवळपास काहीच नाही.

खरी अडचण बोअरच्या पाण्याची आहे. पाण्यातलं क्लोराइड (मिठातलाच एक घटक) मोजायला प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट टाकतात आणि पांढरा साका पडतो. मशीनमध्येही तेच घडतं, चांदी क्लोराइडला चिकटून साका होते. लिटरला २५० मिलिग्रॅम क्लोराइड असेल, तर सुटे चांदीचे आयन लिटरमागे जेमतेम ३ मायक्रोग्रॅम टिकतात. म्हणजे पाणी जितकं खारं तितकी चांदी वाया. आणि जी उरते ती सांडपाण्यात जाऊन तिथले कामाचे जंतूही मारू शकते. २००७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी आयन सोडणारी मशीन कीटकनाशकांच्या नियमाखाली आणली, ती याच काळजीतून.

शर्ट पिवळट पडण्यामागे पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, असू शकतो. म्हणून आधी तो तपासा. टीडीएस मीटर त्यासाठी चालत नाही. तो सगळे क्षार एकत्र मोजतो. अंगाच्या साबणाचा कीस बाटलीतल्या पाण्यात हलवा (डिटर्जंट नको, तो जड पाण्यातही फेसतो). फेसाऐवजी दह्यासारखा साका आला तर पाणी जड. नेमका आकडा हवा तर पाणी प्रयोगशाळेत द्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगा धरलाय.

समजा ४०० निघाला. २० लिटर पाण्याला साधारण ८ ते ९ ग्रॅम धुण्याचा सोडा लागतो, म्हणजे दोन लहान चमचे. तो थेट मशीनमध्ये टाकलात तर चुन्याचा गाळ कपड्यांवरच बसतो आणि पांढरे करडे दिसतात. बादलीत घोळून तासभर ठेवा, वरचं निवळ पाणी घ्या. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना सोडा लावू नका. पिवळेपणाला आणखी एक कारण असतं, बोअरमधलं लोह. पाणी साठवल्यावर तांबूस होत असेल तर ब्लीच मुळीच नको. त्याने लोहाचे डाग पक्के होतात.

टॉवेलचा वास पावडरीच्या थराने, अंगाच्या तेलाने आणि ओलाव्याने येतो. जाड टेरी टॉवेल असतील तर ड्रम दोन तृतीयांशच भरा, ६० अंशांवर धुवा, एक जादा रिन्स द्या. फॅब्रिक कंडिशनर टॉवेलला नको, तो धाग्यावर थर धरतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. धुऊन झालं की लगेच काढून उन्हात टाका. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. रंगीत चादर मात्र सावलीत आणि उलटी करून वाळवा.

तेव्हा जास्तीचे पैसे चांदीऐवजी पाणी तापवणारा हीटर असलेल्या मशीनवर घाला. पण जड पाण्यात हीटरवर चुना बसतो. दीड-दोन महिन्यांनी रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून ६० अंशांचं चक्र चालवा. ९० अंशांवर नको, तिथे कॅल्शियम सायट्रेटचा नवाच थर बसू शकतो. सोबत ब्लीच कधीही टाकू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पाणी भरायला वेळ लागत असेल तर मशीनला दोष देण्याआधी नळी जोडतो तिथली बारीक जाळी बघा. नळ बंद करून पकडीने काढा, जुन्या ब्रशने घासा. टाकीतलं पाणी तळाशी गेलं की गाळ येऊन त्या जाळीत अडकतो. टाकीचा दाबही पाहा: दर मीटर उंचीला साधारण ०.१ बार. तीन मीटरवरची टाकी ०.३ बार देते आणि बऱ्याच फ्रंट लोडना तेवढाच किंवा जास्त लागतो. पुस्तिकेतला किमान दाब वाचून मगच मशीन निवडा.

एवढं करूनही चांदीवालंच घ्यायचं असेल, तर दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: चांदीचा मोड बंद करता येतो का, आणि पट्टी बदलायला किती खर्च येतो.