भुसावळात दहा वर्षांचा, बुजरा हस्की दत्तक घ्यावा का?
हस्की ही सायबेरियात स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढण्यासाठी जोपासलेली कुत्र्यांची जात, आणि भुसावळात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्यामुळे दिवसभर गार राहणारी खोली देता येत असेल तरच त्याला घरी आणावे. उन्हाळ्यात केस मात्र भादरू नयेत, कारण ते दुहेरी आवरण त्वचेचे उन्हापासूनही रक्षण करते. सांधे आणि दात आधी तपासून घ्यावेत. बुजरेपणाची मला फारशी चिंता वाटत नाही: आमच्याकडे आलेला म्हातारा कुत्रा तीन आठवडे खाटेखालीच होता, आणि एका रात्री मी पाठमोरा बसून कळण्याची भाकरी खात असता त्याने हळूच माझ्या कोपराला नाक लावले. (भाकरीसोबतचे भरीत मात्र त्याला देऊ नये; त्यातली कांद्याची पात कुत्र्यांना विषारी असते.)